पाणी सोडा नावाचं बटण

सहकार हा विश्वासावर चालतो, हे वाक्य जयसिंगआप्पांनी वडगाव रासाईच्या शिवारातल्या आपल्या उपसा सिंचन संस्थेच्या प्रत्येक सभेत उच्चारलं आहे आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज तेवढाच भरून आला आहे. सभा संपली की ते इतिवृत्ताचं पुस्तक पुढ्यात ओढत, शेवटच्या ओळीखाली जेवढं पान उरलं असेल तेवढ्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारत आणि रेघेच्या टोकाला सही करत. विश्वास होताच. पण पान कोरं होतं.

याला कारण होतं. आप्पा नवे चेअरमन झाले तेव्हा त्यांच्या सहीच्या वर दोन बोटं जागा राहिली होती. तेवढ्या जागेत कुणीतरी ‘तसेच बैलपोळ्यास संस्थेच्या वतीने लेझीम पथक बोलावण्यात यावे’ एवढं घुसवलं. पथक आलं, नाचलं, जेवलं आणि गेलं. पुढच्या वार्षिक सभेत मग खर्चाचा हिशेब देताना आप्पांना एकट्याला नाचावं लागलं. तेव्हापासून कोरी जागा दिसली की त्यांच्या बोटांना मुंग्या येत. लग्नाच्या आहेराच्या वहीतसुद्धा शेवटच्या नावाखाली ते रेघ मारून यायचे. वही नवरीकडची असली तरी.

हर्षदा ही आप्पांची धाकटी सून. घरी ती त्यांना आप्पा म्हणे आणि ते तिला पोरी म्हणत, पण संस्थेच्या कार्यालयाचा उंबरा ओलांडला की ती त्यांना चेअरमनसाहेब म्हणे आणि ते तिला मॅडम. ती संस्थेत कंप्युटर ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा तात्याबा नावाचे जुने संचालक म्हणाले होते, ‘‘घरचीच इहीर, घरचाच पाट. आपुन फकस्त काठावर उभं ऱ्हायाचं.’’ त्यावर आप्पांनी काढलेला हा तोडगा. कार्यालय घराच्या अंगणापलीकडेच असल्यानं पोरीची मॅडम आणि मॅडमची पोरी दिवसातून पुष्कळदा व्हावी लागे. एकदा भर बैठकीतून आप्पांनी घरी फोन लावून ‘मॅडम, भाकरी झाल्या का’ असं विचारलं होतं.

हर्षदाचं काम पाणीपाळीचं. संस्थेची मोटर नदीतून पाणी उचलते, पाइपातून वर चढवते आणि शिवारातल्या चेंबरांमधून ते सभासदांच्या रानात जातं. कुणाचं पाणी कधी सुरू होणार आणि कधी बंद होणार, याचं पत्रक दर पाळीला काढावं लागतं. पूर्वी ते तात्याबा पेन्सिलीनं काढत. दोन दिवस लागत. त्या दोन दिवसांत तात्याबांच्या ओट्यावरची कपबशी वाळत नसे. कुणी म्हणे आमचा गहू पिवळा पडलाय, कुणी म्हणे दिवसाचं पाणी द्या, रात्री रानात बिबट्या फिरतो. बिबट्या खरंच फिरतो, त्यामुळे त्याचा उपयोगही सगळेच करत. तात्याबा ऐकून घेत, खोडरबर फिरवत आणि गावाला आपण आहोत याची जाणीव होत राही.

हर्षदाचं माहेर केडगाव. तिथं स्टेशनाजवळच्या क्लासात ती कंप्युटर शिकली होती. बाकीचं शिक्षण मोबाइलवर, ‘तो दोस्तों’ अशी सुरुवात करणाऱ्या कुणा हिंदी भय्याकडून झालं होतं. भाकरी थापताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून तिनं त्याच्याकडून मॅक्रो लिहायला शिकून घेतलं. मॅक्रो म्हणजे कंप्युटरला एकदा नीट समजावून ठेवलेलं काम, बटण दाबलं की तो ते आपलं आपण करतो, असं तिनं संचालक मंडळाला सांगितलं होतं. ‘म्हंजी सालगडी,’ असं मंडळानं समजून घेतलं.

सभासदांची नावं, कुणाचं किती रान, कुणाचा कोणता चेंबर, सगळं तिनं एका लांबलचक तक्त्यात भरलं. वर एक हिरवं बटण केलं आणि त्यावर लिहिलं, ‘पाणी सोडा’. बटण दाबलं की मॅक्रो वरपासून खालपर्यंत एकेक नाव घेई, त्याचे तास लावी आणि चेंबरवार पत्रक तयार. उद्‌घाटनाला आप्पांनी कंप्युटरला हार घातला, बाहेर नारळ फोडला आणि तर्जनीनं, डोअरबेल दाबावी तसं, बटण दाबलं. हार घालून होईपर्यंत वेळ गेला होता, पत्रक निघायला तेवढाही गेला नाही. म्हातारी माणसं बघायला आली होती, ती म्हणाली, झालं? हर्षदा म्हणाली, झालं. ती म्हणाली, मग दाखवा की. तेव्हा झालेलं दाखवण्यासाठी ते पुन्हा दोनदा करावं लागलं.

तात्याबांनीही एकदा दाबून पाहिलं. ‘‘नाव मातूर अशुभ ठिवलं,’’ ते म्हणाले. ‘‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हंजी ती गेली म्हनत्यात.’’

दोन हंगाम ते बटण पळत होतं. हर्षदाच्या मते तिच्या नावावर जमा असलेल्या गोष्टींत एक चौथीतली पोरगी होती आणि एक हा मॅक्रो होता, आणि मॅक्रो निदान सांगितलेलं ऐकत होता.

दिवाळीनंतरच्या पाळीला तो ऐकेनासा झाला.

सकाळी तिनं बटण दाबलं. पडद्यावर निळी चकती फिरू लागली. समोर म्हस्कू उभा होता. म्हस्कू म्हणजे मोटरीवरचा माणूस. त्याच्या आजोबापर्यंत मेंढरं घेऊन कोकणात उतरायची रीत होती. म्हस्कू मात्र मोटरीपासून हलत नसे, हलला की कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवतं असा त्याचा अनुभव होता. पत्रक हातात आल्याशिवाय त्याला पहिला चेंबर उघडता येत नसे, म्हणून पाळीच्या सकाळी तेवढा तो कार्यालयात येई.

‘‘ताई, आज यंत्र इचारात पडलंय,’’ म्हस्कू म्हणाला.

‘‘होईल आत्ता.’’

चहा आला, पिऊन झाला, कप परत गेले. चकती फिरतच होती. पडद्याच्या वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरं आली.

‘‘काय म्हनतंय?’’

‘‘उत्तर देत नाहीये.’’

‘‘म्हंजी आमच्या साडूगत. उसनं मागितलं का असंच करतो. बसून ऱ्हायाचं समोर. शेवटाला देतो.’’

म्हस्कू खरोखर खुर्ची ओढून कंप्युटरसमोर बसला आणि त्याच्याकडे साडूकडे पाहावं तसा पाहत राहिला. दुपारच्या जेवणाच्या सुमाराला पत्रक निघालं. बिनचूक होतं. एकही नाव इकडचं तिकडे नाही. तेच हर्षदाला जास्त लागलं. चुकलं असतं तर चूक शोधता आली असती. बरोबर काम करणाऱ्याला काय बोलणार?

पुढच्या पाळीलाही तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. तोवर गावात बातमी झाली होती की हर्षदाचं बटण बसलं. चेंबरावर फावडं घेऊन खोळंबलेली माणसं कार्यालयात येऊन चकती बघून जाऊ लागली. तात्याबा तर पेपर घेऊनच येत. बाकावर बसून ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि घडी घालताना म्हणत, ‘‘पेपर सपला मॅडम. कोड्यासकट. तुमचं?’’

‘‘चालू आहे तात्याबा.’’

‘‘चालू दे, चालू दे. पेन्सिल हाय माज्या खिशात, लागली तर सांगा.’’

मग शनिवारच्या संचालक मंडळाच्या सभेची विषयपत्रिका निघाली. विषय क्रमांक चार: पाणीपाळी पत्रकासाठी दौंड येथील सॉफ्टवेअर घेणेबाबत विचार करणे. सूचक तात्याबा. आयतं सॉफ्टवेअर यायचं, तर त्याच्याबरोबर त्यांचाच माणूस बसायचा. म्हणजे हर्षदाचा मॅक्रो गेला आणि मॅक्रोसोबत हर्षदाही. ती विषयपत्रिका तिला स्वतःलाच टाइप करावी लागली. ‘विचार करणे’ हे शब्द तिनं दोनदा चुकीचे टाइप केले.

त्या आठवड्यात कंप्युटरवर जेवढे उपचार झाले तेवढे गावातल्या कुठल्या माणसावर झाले नसतील. आप्पांचं निदान उष्णतेचं होतं. त्यांनी घरातला टेबलफॅन आणून यंत्राच्या पाठीशी लावला आणि सासूबाई, झुंबरबाई, दुपारभर पदरानं वारा घेत बसल्या. म्हस्कूचं निदान ओझ्याचं. एवढी माणसं एका बटणावर घातली तर ते दमणारच, निम्मी वरच्या अंगाची आणि निम्मी खालच्या अंगाची अशी दोन बटणं करा, असं त्याचं म्हणणं. झुंबरबाईंचं निदान साधं होतं. ‘‘फॅन माघारी द्या,’’ त्या म्हणाल्या.

शेवटी हर्षदानं भावाला बोलावलं. सतीश कुरकुंभच्या एका कारखान्यात ऑफिसात होता आणि माहेरी ‘कंप्युटरमधला’ म्हणून त्याचा लौकिक होता. तो मोटरसायकलवरून पाठीला लॅपटॉप बांधून आला, हेल्मेट न काढताच पडद्यासमोर बसला आणि पहिल्या मिनिटाला म्हणाला, ‘‘रॅम कमी हाय.’’

‘‘दिवाळीच्या आधी एवढीच होती,’’ हर्षदा म्हणाली. ‘‘तेव्हा पळत होतं.’’

‘‘तवा पळत आसंल. वय होतं यंत्राचं.’’

‘‘तुझ्या लॅपटॉपवर लावून बघ की मग.’’

लावला. नवाकोरा, कंपनीचा लॅपटॉप. त्याच्यावरही चकती फिरू लागली. सतीशनं हेल्मेट काढलं.

त्यानं मग मॅक्रोचं लिखाण उघडलं. प्रत्येक नाव भरताना पडदा नवा रंगवत बसू नकोस, सगळं झाल्यावर एकदम दाखव, अशी ओळ घातली. मधल्या मध्ये बेरजा करत बसू नकोस, शेवटी कर, अशी दुसरी घातली. चेंबरांना हर्षदानं हौसेनं दिलेले रंग, मोरपंखी, आमसुली, लिंबू, सगळे पुसून टाकले. तक्ता विधवेसारखा दिसायला लागला, असं झुंबरबाई दारातून म्हणाल्या आणि स्वतःच जीभ चावून आत गेल्या. एवढं करून बटण दाबलं तर दोन चहांच्या जागी दीड चहा लागला.

‘‘हे लिहिलंयस कसं तू?’’ सतीश वैतागला. ‘‘एकेका ओळीत जाऊन बघतंय माणूस हाय का न्हाई ते. असं लिहित्यात व्हय?’’

‘‘तुमच्या कंपनीत कसं लिहितात?’’

‘‘आमच्यात येगळं असतं.’’

‘‘कोण लिहितं?’’

‘‘पुण्याचा व्हेंडर,’’ सतीश म्हणाला आणि चहा मागितला.

जाताना तो बहिणीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, ‘‘ताई, तुजी चूक न्हाई. पर तू साधं बीकॉम. एवढं चाललं हेच लय.’’ सांत्वन म्हणून ते वाईट नव्हतं, पण हर्षदाला त्यानंतर जेवण गेलं नाही.

आप्पा सगळं पाहत होते. घरात ते बोलेनासे झाले. कार्यालयात मात्र दिवसभर तिच्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहत, लग्नघरात आजारी माणसापाशी कुणीतरी बसतं तसे. अंगणात जाऊन एकेका संचालकाला फोन लावत. ‘‘आरं, थोडा टाइम घेतं. आपुन न्हाई का घेत?’’ असं ते फोनवर सांगत. हर्षदाला ते खिडकीतून ऐकू येई आणि तिला जास्तच वाईट वाटे, कारण सासरा मतं गोळा करायला लागला म्हणजे सुनेची बाजू लंगडी आहे हे त्यालाही पटलं होतं.

‘‘मॅडम,’’ आप्पा आत येऊन म्हणत, ‘‘तुमी काळजी करू नका.’’

‘‘नाही करत, चेअरमनसाहेब.’’

मग दोघंही काळजी करत चकतीकडे बघत बसत.

शुक्रवारी दुपारी हर्षदानं ठरवलं की आता मॅक्रोला हात लावायचा नाही. तक्ता पहिल्या नावापासून डोळ्यांनी तपासायचा. कुणाचं नाव दोनदा पडलंय का, कुणाच्या रानापुढं भलताच आकडा बसलाय का. तिनं पडद्याच्या उजव्या कडेचा तो सरकता दांडा धरला आणि नेहमीच्या अंदाजानं थोडासा खाली ओढला.

सगळी नावं नाहीशी झाली.

तिनं माउसवरचा हात काढून घेतला. मग तिनं नीट पाहिलं. नावं गेली नव्हती, ती फार वर राहिली होती. डाव्या कडेला ओळींचे आकडे दिसत होते आणि ते लाखांत होते. समोर पांढरे रकाने, माळरानासारखे. तिनं दांड्याकडे पाहिलं. तक्ता जेवढा लांब तेवढा तो दांडा आखूड होतो, एवढं तिला भय्यानं शिकवलं होतं. तिचा दांडा एरवी चांगला बोटभर असायचा. आता तिळाएवढा उरला होता.

‘काही लिहिलेली शेवटची जागा दाखव’ असं कंप्युटरला सांगायची एक युक्ती असते. कंट्रोल आणि एन्ड ही दोन बटणं एकदम दाबायची. तिनं दाबली. तक्ता झपकन तळाला जाऊन थांबला. दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तरावी ओळ. त्याच्या खाली तक्ताच नाही, जग संपतं. आणि त्या ओळीत, पहिल्या रकान्यात, इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, जयसिंग चेअरमन.

हर्षदानं ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

‘‘चेअरमनसाहेब,’’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘‘आप्पा.’’

आप्पा खुर्चीत डुलक्या घेत होते. ते पुढं वाकले.

‘‘हे काय आहे?’’

‘‘सही हाय,’’ आप्पा म्हणाले. आपली सही ओळखता येऊ नये याचं त्यांना जरा नवल वाटलं.

‘‘तुम्ही केली?’’

‘‘दुसरा कोन करंल माजी सही?’’

‘‘कधी?’’

‘‘दिवाळीला तू केडगावला गेल्तीस तवा. तूच न्हाई का दाखिवलं? म्या इचारलं, ह्यो कागद सपतो कुठं. तू ते कंट्रोल दाबून खालचा बाण मारलास, दोनदा. गपकन गेलं तळाला.’’

हर्षदाला आठवलं. दिवाळीच्या आधी, सगळं आवरून निघायच्या घाईत, म्हाताऱ्या माणसाला गंमत म्हणून तिनं ते दाखवलं होतं. आप्पा तेव्हा त्या तळाच्या ओळीकडे बघत राहिले होते. तिला वाटलं होतं, कौतुक वाटलं असेल.

‘‘पण सही कशाला केलीत आप्पा? एवढ्या खाली जाऊन?’’

‘‘कशाला म्हंजी? आगं, दहा लाख ओळी कोऱ्या!’’ आप्पांचा आवाज चढला. ‘‘इतिवृत्तात दोन बोटं जागा ऱ्हायली तर लेझीम पथक आलं. हितं दहा लाख! उद्या कुनी रातीत चार नावं खाली घुसवली आन् पानी घेतलं, तर नाव कुनाचं निघंल? चेअरमनचं न्हाई निघत आता. म्हनतील सुनंनं घातली. तुज्या मागं किती डोळं लागल्यात, तुला म्हाईत न्हाई. दोन राती झोप न्हाई आली मला. तिसऱ्या दिवशी आलो, फाटक लावलं आन् गेलो तळाला. पयली आडवी रेघ माराया लागलो, तर त्यो म्हनतोय फॉर्म्युला चुकला. चारदा मारली, चारदा त्येच. म्हनलं ऱ्हायलं, रेघंला इरोध हाय त्येचा. मंग नुसती सही केली. एकेक अक्षर हुडकून.’’

हर्षदा पडद्याकडे पाहत राहिली. तिनं मॅक्रोला सांगून ठेवलं होतं, जिथवर काही लिहिलेलं असेल तिथवर जा आणि प्रत्येक ओळीत माणूस आहे का बघ. आणि तो बिचारा सालगडी, दिवाळीपासून दर पाळीला, शेवटचा सभासद ओलांडून त्या पांढऱ्या माळावर उतरत होता. एका ओळीत डोकावत होता, कुणी नाही. दुसऱ्या ओळीत डोकावत होता, कुणी नाही. दहा लाख घरांची कडी वाजवत चालत चालत तो तळाशी आप्पांच्या सहीपाशी पोचायचा, तिला वंदन करायचा आणि मग पत्रक द्यायचा.

तिला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं. आप्पा घाबरले.

‘‘पोरी, काय झालं? चुकलं का काय माजं?’’

तिनं समजावून सांगितलं. आप्पांना समजायला वेळ लागला आणि समजल्यावर ते इतके बारीक झाले की टेबलफॅननं उडून जातील असं वाटलं.

‘‘म्हंजी त्यो फॅन,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘फुकट गेला.’’

‘‘मी ती सही पुसते आता.’’

‘‘पुसू नगं!’’ आप्पा एकदम चेअरमन झाले. ‘‘एकदा क्येलेली सही खोडता येत न्हाई. खाडाखोड हुती ती.’’

‘‘मग काय करू?’’

‘‘वर घे. शेवटच्या नावाच्या बुडाला घे. तितं जागाबी उरायची न्हाई.’’

तिनं सही उचलून शेवटच्या सभासदाच्या लगेच खाली आणून ठेवली, मधल्या साऱ्या रिकाम्या ओळी उडवल्या, फाइल जतन केली आणि बटण दाबलं. हात उचलेपर्यंत पत्रक तयार. मग आप्पांनी पत्रकावर बोट ठेवलं. सगळ्यात शेवटी, पहाटेच्या वेळेला, जयसिंग चेअरमन या नव्या सभासदाला पाणी लागलं होतं. रान शून्य, वेळ शून्य मिनिटं. तळाला तिच्यापुढं चेंबर नव्हता म्हणून सही आजवर पत्रकात आली नव्हती, इथं वरच्या नावाचा चेंबर तिलाही लागला होता.

‘‘ह्ये तात्याबानं बघितलं तर आभाळ डोक्यावर घिईल,’’ आप्पा म्हणाले.

शेवटी तडजोड निघाली. त्याच फाइलीत तिनं दुसरं एक पान उघडलं, त्याला ‘सही’ असं नाव दिलं आणि आप्पांची सही तिथं नेऊन बसवली. त्या पानाला खाली किती कोरी जागा आहे, हे आप्पांनी लगेच विचारलं. तेव्हा सहीखालच्या सगळ्या ओळी तिनं लपवून टाकल्या. मग मुख्य तक्त्यातल्याही लपवल्या. शेवटच्या नावाखाली आता करड्या रंगाची भिंत दिसत होती. आप्पांनी ती भिंत बराच वेळ पाहिली.

‘‘ह्ये असं करता येतं व्हय?’’

‘‘येतं.’’

‘‘मंग आदी बोलायचं न्हाई का!’’

एक अडचण उरली होती. उद्या सभेत सांगायचं काय? दुरुस्त झालं एवढं सांगून तात्याबा सोडणार नव्हते. बिघडलं कशानं, हे विचारणारच.

‘‘व्हायरस होता म्हणू,’’ हर्षदा म्हणाली.

‘‘खोटं?’’

‘‘इतिवृत्तात नाही लिहायचं. तोंडीच सांगायचं.’’

आप्पांनी मान हलवली. ‘‘तसं सांगितलं तर म्हनतील बाईचं बटन कवाबी आजारी पडंल. दौंडचंच आना. न्हाई. माजं नाव सांगायचं.’’

‘‘तात्याबा तुम्हाला फाडून खातील आप्पा. जन्मभर पुरेल त्यांना.’’

‘‘खाऊ दे. म्हातारपनी तेवडंच त्येला बरं वाटंल.’’

‘‘मी म्हणते माझ्या लिहिण्यात चूक होती. खोटं नाहीच ते. कुठं थांबायचं हे मीच नीट नव्हतं सांगितलं मॅक्रोला.’’

‘‘तू सांगितलेलं बराबर व्हतं. म्याच जाऊन वेशीच्या पल्याड हुबा ऱ्हायलो.’’

यावर अंगणभर वाद झाला. सासरा सुनेला चूक घेऊ देईना आणि सून सासऱ्याला. झुंबरबाई पोळपाट हातात घेऊन दारात आल्या. एवढ्या हट्टानं चुकीवर हक्क सांगणारी दोन माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. ‘‘निम्मी निम्मी घ्या,’’ त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

शनिवारी सकाळी आप्पांनी इस्त्रीचं धोतर नेसलं, परीटघडीची टोपी घातली आणि आरशासमोर उभं राहून हळू आवाजात बोलून पाहिलं. हर्षदाला पलीकडून ऐकू येत होतं. ‘‘मंडळी, विषय क्रमांक चारवर बोलताना मला एक कबुली द्यायची हाय.’’ मग खोकून पुन्हा. ‘‘मंडळी, एक कबुली.’’ तिसऱ्या खेपेला ‘‘मॅडमची चूक न्हाई,’’ एवढंच वाक्य उरलं. तिनं चहाचा कप दाराशी ठेवला आणि निघून गेली. आज तिला त्यांना साहेब म्हणावंसं वाटत नव्हतं.

कार्यालयात तिनं खुर्च्या मांडल्या, कंप्युटर पुसला आणि मोरपंखी, आमसुली, लिंबू हे रंग चेंबरांना पुन्हा देऊन टाकले. म्हस्कू मुद्दाम मोटर सोडून आला होता. त्यानं बटण दाबलेलं पाहिलं, पत्रक पाहिलं आणि नाराज झाला. ‘‘आता बसायला कारनच न्हाई ऱ्हायलं,’’ तो म्हणाला आणि तरी बसला.

सभेची वेळ झाली. संचालक अकरा, कोरमला सहा लागतात. आप्पा धरून तीन आले. त्यातले एक, आज सभा आहे की उद्या, हे विचारायला आले होते. केडगावात त्या दिवशी लग्न होतं. बाकीचे सगळे तिकडं जेवायला गेले होते, त्यात तात्याबाही होते. दौंडचा सॉफ्टवेअरवाला आलाच नाही. त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

आप्पा अर्धा तास उभे होते. मग बसले.

सभा कोरमअभावी तहकूब झाली. विषय क्रमांक चार पुढील सभेत घेण्यात येईल, असं इतिवृत्तात नोंदवलं आहे. पुढील सभा अद्याप झालेली नाही.